डेव्हलपर ठेवू की एजन्सीला देऊ? स्टार्टअपवाल्यांनी ठरवायचं कसं

नवीन स्टार्टअपवाला भेटला की पहिला प्रश्न हाच असतो, पगारावर डेव्हलपर ठेवायचा की सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्या एजन्सीला काम द्यायचं, आणि त्याला चिकटूनच दुसरा, की स्वस्त काय पडेल. पैशाचं गणित खाली करूच, पण सुरुवात तिथून केली की गडबड होते, कारण पहिल्या तीन महिन्यांचा खर्च कोटेशनवर छापलेला असतो आणि आठव्या महिन्यातला कुठेच लिहिलेला नसतो. मी आधी एजन्सीत होतो, नंतर प्रॉडक्ट कंपनीत गेलो, म्हणजे कोटेशन बनवणाऱ्यांकडेही बसलोय आणि ते वाचणाऱ्यांकडेही, त्यामुळे दोन्हीकडचं जरा उघड लिहितो.

हवेत गप्पा नकोत म्हणून एक उदाहरण धरून चालू. समजा तुम्ही सांगली-कोल्हापूरकडच्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवताय. सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घालतो, वजन होतं, फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) मोजलं जातं, दरपत्रकाप्रमाणे भाव लागतो, दर दहा दिवसांनी बिल निघतं आणि त्यातून पशुखाद्य, उचल असं काय काय कापून उरलेले पैसे शेतकऱ्याच्या खात्यावर जातात. ऐकायला सोपं वाटतं ना, एक मोबाइल अ‍ॅप, एक वेब पॅनेल, झालं. एजन्सीवाला पण हेच म्हणेल.

आधी कागदावर दोन रकाने करा

डावीकडे ते सगळं लिहा जे वापरणाऱ्याशी बोलल्यावर दर आठवड्याला बदलणार आहे, आणि उजवीकडे ते जे एकदा नीट झालं की वर्षभर कुणी हात लावणार नाही. माझ्या मते सगळा निर्णय या कागदावर आहे, बाकी तपशील.

दूधवाल्या उदाहरणात उजवा रकाना पटकन भरतो. कंपनीची वेबसाइट, ओटीपी लॉगिन, एसएमएस पाठवणं, पेमेंट गेटवे जोडणं, लोगो-डिझाइन, फॅट मोजणाऱ्या मशीनमधून आकडा थेट कॉम्प्युटरवर घेणं. हे शेवटचं काम अवघड आहे पण ते ज्याने आधी केलंय त्याच्याकडून करून घेण्यासारखं आहे, सीरियल पोर्टशी (मशीन कॉम्प्युटरला जोडायच्या जुन्या पद्धतीच्या जोडणीशी) झटापट शिकायला स्वतःचा माणूस महिनाभर बसवण्यात काही अर्थ नाही.

डावा रकाना मजेशीर आहे. गायीच्या दुधाचा भाव साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात, त्याच्या वर गेलं की इतके पैसे वाढ, खाली आलं की इतके पैसे कपात, पण ही वाढ-कपात प्रत्येक संघाची वेगळी, म्हशीचं दरपत्रक वेगळं, मधेच शासन अनुदान जाहीर करतं ते वेगळं दाखवायचं, एका केंद्रावर पशुखाद्याचे पैसे एकदम कापतात, दुसऱ्यावर तीन बिलांत, तिसऱ्या केंद्राचा सचिव म्हणतो आमच्याकडे उचल घेतलेल्याचं बिल वेगळ्या कागदावर पाहिजे. शिवाय सकाळी सहाला लाइट गेली, नेट गेलं, आणि पन्नास लोक रांगेत कॅन घेऊन उभे, तेव्हा तुमचं अ‍ॅप फिरत राहिलं तर सचिव दुसऱ्या दिवशी वही काढतो आणि तुमचा विषय संपला. एखादं केंद्र तुमच्याकडे येणार किंवा तुम्हाला सोडून जाणार ते या रकान्यामुळे. लॉगिन स्क्रीन सुंदर आहे म्हणून कुणी येत नाही.

डावा रकाना घरात, उजवा बाहेर. तुमच्या धंद्यात रकाने वेगळे भरतील पण नियम तोच.

काही धंद्यांत डावा रकाना जवळजवळ रिकामा असतो हेही लक्षात घ्या. तुम्ही मसाले विकताय आणि ऑनलाइन ऑर्डर घ्यायची आहे, तर तुमचं वेगळेपण मसाल्यात आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाही, शॉपिफायवर, म्हणजे तयार ऑनलाइन दुकान देणाऱ्या सेवेवर, दुकान मांडा, कुणाकडून तरी थीम लावून घ्या आणि डेव्हलपर हायर करण्याचा विचारच करू नका. अशा कंपनीत टेक टीम उभी करून बसलेले लोक असतात, गुंतवणूकदारांना दाखवायच्या प्रेझेंटेशनमध्ये "आमची स्वतःची टेक्नॉलॉजी" असं लिहिता यावं म्हणून. असो.

रोज बदलणारं काम बाहेर का जमत नाही

एजन्सीवाले वाईट असतात म्हणून नाही. त्यांचा धंदाच वेगळ्या पद्धतीने चालतो म्हणून. फिक्स्ड प्राइस कोटेशन देताना त्यांनी स्कोप, म्हणजे कामात काय काय येणार ते, गोठवलेला असतो, त्यात थोडा बफर धरलेला असतो, आणि त्या बफरच्या पलीकडचं प्रत्येक काम म्हणजे चेंज रिक्वेस्ट, ज्याला सगळे सीआर म्हणतात. तुम्ही सांगितलं की कपात तीन बिलांत विभागायची आहे, की प्रोजेक्ट मॅनेजर मेल मागतो, मग एस्टिमेट येतं, मग तुम्ही घासाघीस करता, मग मंजुरी, मग तो डेव्हलपर दुसऱ्या क्लायंटच्या कामात असतो म्हणून पुढच्या आठवड्यातला स्लॉट. काम तीन तासांचं, हातात यायला पंधरा दिवस. एकदा असं झालं तर चालतं, पण ज्या काळात तुम्ही रोज काहीतरी नवीन शिकताय त्या काळात तुम्ही हळूहळू सीआर काढायचंच टाळायला लागता, "जाऊ दे, आहे तसं चालवू" म्हणता, आणि प्रॉडक्ट तिथेच थांबतं.

दुसरी गोष्ट म्हणजे माहिती कुठे साठते. एजन्सीतल्या ज्या पोराने दरपत्रकाचं लॉजिक लिहिलं त्याला आता कळलेलं असतं की एसएनएफ खाली आलं की काय होतं, आणि तो पोरगा सहा महिन्यांनी दुसऱ्या प्रोजेक्टवर जातो किंवा जॉब बदलतो. तुमच्याकडे उरतो कोड, आणि तो तसा का लिहिलाय ते सांगणारं कुणीच नाही. स्वतःचा डेव्हलपर पण सोडून जातो, मान्य, पण तो जाताना निदान तुमच्या शेजारी बसून नोटीस पिरियड काढतो.

टाइम अँड मटेरियल म्हणजे महिन्याच्या हिशोबाने माणूस घेतला, ज्याला "डेडिकेटेड रिसोर्स" म्हणतात, तर सीआरचं भांडण बरंच कमी होतं. हा मधला मार्ग चांगला आहे, फक्त तो माणूस खरंच डेडिकेटेड आहे का हे बघावं लागतं, आणि त्याला निदान आठवडाभर केंद्रावर पाठवायची अट करारातच घाला.

स्लॅकचं उदाहरण इथे चपखल बसतं. ग्लिच नावाचा गेम बनवणारी टायनी स्पेक ही कंपनी, तो गेम २०१२ मध्ये बंद पडला आणि टीमने आपसात बोलायला बनवलेल्या टूलमधून स्लॅक उभं राहिलं. २०१३ मध्ये त्यांनी लोगो आणि दिसण्याचं काम मेटालॅब या कॅनडातल्या डिझाइन एजन्सीला दिलं. मेसेज कसा जातो, कसा साठतो, कसा शोधला जातो ते काम मात्र गेमवालीच टीम करत राहिली.

आता पैसे

आकडे समजण्यापुरते धरतोय, तुमच्या शहरात आणि टेक्नॉलॉजीत बदलतील.

तीन-चार वर्षं अनुभव असलेला डेव्हलपर १२ लाख सीटीसीवर (कंपनीला त्याचा वर्षाला पडणारा एकूण खर्च) आला असं धरू, म्हणजे महिना एक लाख. माणसं शोधून देणाऱ्या कन्सल्टन्टकडून हायर केलात तर बहुतेकजण वर्षाच्या सीटीसीच्या ८.३३ टक्के घेतात, म्हणजे एक महिन्याचा पगार, झाले एक लाख. लॅपटॉप, बसायची जागा, क्लाउड, छोटी-मोठी सबस्क्रिप्शन्स. पीएफ कायद्याने २० माणसं झाल्यावर लागतो त्यामुळे सुरुवातीला ती कटकट नाही, प्रोफेशनल टॅक्सचं मात्र पहिल्या माणसापासून बघा. पण खरा खर्च वेळेचा आहे. मोठ्या आयटी कंपनीतून येणाऱ्याची नोटीस ९० दिवसांची असते, त्या ९० दिवसांत तो तुमची ऑफर दाखवून आणखी दोन ऑफर गोळा करतो आणि जॉइनिंगच्या आदल्या रात्री "पर्सनल रीझन" असा मेसेज येतो. त्यामुळे आज शोधायला लागलात तर काम हातात यायला चार-पाच महिने धरा, आणि लवकर जॉइन होणारा मिळाला तर नशीब समजा.

एजन्सीने ८ लाखांचं कोटेशन दिलं, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १ लाख ४४ हजार. हा जीएसटी तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून (तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन) परत मिळतो का ते आधी सीएला विचारा, कारण तुम्ही केंद्रांकडून जीएसटी लावून सबस्क्रिप्शन घेत असाल तर मिळतो, पण तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशनच नसेल, किंवा तुम्ही जे विकता त्यावर करच नसेल, जसं सुटं ताजं दूध, तर हे १ लाख ४४ हजार सरळ खर्चात जातात, आणि कोटेशनची तुलना करताना हे भलेभले विसरतात. टीडीएस कापायचा ते वेगळंच, दर कुठला लागतो तेही सीएलाच ठरवू द्या.

मग तुलना अशी बसते. काम चार महिन्यांत संपणार आणि नंतर फार बदल नाहीत, तर एजन्सी सरळ जिंकते, डेव्हलपर ठेवलात तर पाचव्या महिन्यापासून त्याला काय काम द्यायचं हा प्रश्न पडेल. काम संपणारंच नाहीये, तर ८ लाखांच्या पुढे दर महिन्याला सीआर आणि मेंटेनन्सचं बिल येत राहतं, दीड-दोन वर्षांत ते पगाराच्या जवळ पोचतं आणि तरी तुमच्याकडे माणूस नसतोच.

आणि खात्यात एकूण १५ लाखच असतील तर? मग दोन्ही नको, अजून नको. पहिल्या दोन-तीन केंद्रांचं बिल एक्सेलमध्ये काढून द्या, स्वतः बसून, व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवा. महिन्याभरात दरपत्रकाच्या अशा अशा भानगडी कळतील की ज्या कुठल्याच रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये आल्या नसत्या, आणि मग जे कोटेशन मागाल ते निम्म्या गोंधळाचं असेल. आता एआय टूल्स पण आहेत, कर्सर वगैरे वापरून प्रोग्रामिंग न येणारा फाउंडरसुद्धा चालणारा डेमो करू शकतो, जरूर करा, दहा जणांना दाखवा. फक्त त्या डेमोवर शेतकऱ्यांचे खरे पैसे चालवू नका, बिलात फरक पडला तर तो कुठल्या ओळीमुळे पडला हे सांगणारं कुणीतरी लागतं.

कोड कुणाच्या नावावर आहे?

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका, कारण गुंतवणूकदाराचा वकील पहिलं हेच मागतो.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. कलम १७ प्रमाणे नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा. पण एजन्सी किंवा फ्रीलान्सर तुमचा नोकर नाही, त्यामुळे पैसे पूर्ण दिले म्हणून कोड आपोआप तुमचा होत नाही, हक्क लेखी सहीनिशी तुमच्या नावावर करून घ्यावे लागतात. त्यातही कलम १९ मध्ये तीन खाचा आहेत. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच धरले जातात. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरते. आणि वर्षभरात तुम्ही ते हक्क वापरलेच नाहीत तर ते परत जातात, जोपर्यंत करारात वेगळं म्हटलेलं नाही. म्हणून वकिलाला सांगून करारात स्पष्ट घाला की हक्क कायमस्वरूपी आहेत, जगभरासाठी आहेत, आणि १९(४) चा एक वर्षाचा नियम लागू होणार नाही. नेटवरून उचललेल्या अमेरिकन टेम्प्लेटमध्ये ही वाक्यं नसतात.

फ्रीलान्सरने एजन्सीसाठी केलेलं काम असेल तर साखळी बघा, एजन्सीकडे त्या फ्रीलान्सरची सही आहे का. आणि हेच तुमच्या को-फाउंडरलाही लागू, कंपनी रजिस्टर व्हायच्या आधी त्याने घरी बसून लिहिलेला कोड त्याचा आहे, कंपनीचा नाही, तो आजच असाइन करून घ्या, मैत्री चांगली आहे तोपर्यंत.

मोठ्यांचं काय होतं ते बघायचं तर स्काइप बघा. ईबेने २००५ मध्ये सुमारे २.६ अब्ज डॉलरला स्काइप घेतलं, पण ज्या पीअर-टू-पीअर तंत्रज्ञानावर ते चालत होतं ते जोल्टिड या, संस्थापकांच्याच दुसऱ्या कंपनीच्या, नावावर राहिलं आणि स्काइप ते लायसन्सवर वापरत होतं. २००९ मध्ये ईबे स्काइपमधला मोठा हिस्सा विकायला निघालं आणि नेमकं तेव्हाच या लायसन्सवरून कोर्टकचेरी पेटली, शेवटी तडजोड झाली आणि संस्थापकांच्या बाजूला १४ टक्के हिस्सा गेला. एवढ्या मोठ्या कंपनीच्या वकिलांसमोर हे घडलं, तुमच्या-आमच्या साध्या स्टॅम्पपेपरचं काय घेऊन बसलात.

करारात हेही घाला की एजन्सीने कुठली ओपन सोर्स लायब्ररी वापरली आणि तिचं लायसन्स काय याची यादी देईल, आणि स्वतःचं जुनं तयार मॉड्यूल घुसवलं असेल तर ते वेगळं सांगेल. बहुतेक एजन्सीकडे लॉगिन, अ‍ॅडमिन पॅनेल, रिपोर्ट असं रेडिमेड पडलेलं असतं, ते वापरण्यात काही गैर नाही, उलट वेळ वाचतो, पण ते तुम्हाला कायम वापरायची परवानगी लेखी हवी.

उलटा मुद्दा, डेव्हलपर नोकरी सोडून स्पर्धकाकडे जाऊ नये म्हणून नॉन-कॉम्पिट लिहून घेता येईल असं वाटत असेल तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आडवं येतं, नोकरीनंतरची असली बंदी टिकत नाही. गोपनीयतेची अट घाला, ती चालते.

अकाउंट्स पहिल्या दिवशी, तुमच्या ईमेलवर

एजन्सीवाला म्हणेल, तुम्ही टेन्शन घेऊ नका, आम्ही आमच्या अकाउंटवरून टाकतो. नम्रपणे नाही म्हणा. डोमेन, क्लाउड, गिटहबची ऑर्गनायझेशन (जिथे कोड ठेवतात), फायरबेस (गूगलची क्लाउड सेवा), गूगल प्ले, अ‍ॅपल डेव्हलपर, पेमेंट गेटवे, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा नंबर, एसएमएससाठीचं डीएलटी रजिस्ट्रेशन (पाठवणाऱ्याची आणि मजकुराची नोंदणी), सगळं कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्या ईमेलवर, एजन्सीला फक्त आत यायची परवानगी द्या जी उद्या काढता येईल. खर्च फार नाही, गूगल प्लेचे एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलचे वर्षाला ९९. वेळ मात्र लागतो, कंपनीच्या नावाने ही अकाउंट्स उघडायला डन्स नंबर (कंपनीची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) मागतात आणि डीएलटीवर टेम्प्लेट पास करून घेणं हा तर स्वतंत्र छळ आहे, त्यामुळे कोड सुरू व्हायच्या आधीच अर्ज टाकून ठेवा.

एक बारीक गोष्ट जी कुणी सांगत नाही. अँड्रॉइड अ‍ॅपचं पॅकेज नेम (स्टोअरवर त्याला ओळखायचं नाव) एकदा प्ले स्टोअरवर गेलं की बदलता येत नाही. एजन्सीने त्यात स्वतःचं नाव टाकलं असेल तर ते आयुष्यभर तुमच्या अ‍ॅपच्या लिंकमध्ये दिसत राहणार. पहिला बिल्ड, म्हणजे चालवून बघता येणारी फाइल, यायच्या आधी विचारा.

डेटाचंही तसंच. केंद्राच्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, बँक खातं सगळं असतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात काम बाहेर दिलं तरी जबाबदारी तुमचीच राहते, आणि सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. एजन्सीला टेस्टिंगसाठी खरा डेटाबेस देऊ नका, बनावट नावं आणि खाती घालून द्या, आणि लाइव्ह सर्व्हरचा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, हे सांगावं लागू नये पण लागतं.

एजन्सी बघताना

जो माणूस मीटिंगमध्ये प्रेझेंटेशन देतो तो तुमचा कोड लिहिणार नाही. लिहिणाऱ्याला भेटायचंय म्हणा, आणि त्याच्याशी अर्धा तास दरपत्रकाबद्दल बोला. तो उलटे प्रश्न विचारतो का बघा. "एसएनएफ शून्य आलं तर?" "एकाच शेतकऱ्याने गाय आणि म्हैस दोन्ही दूध घातलं तर?" असं विचारणारा मिळाला तर एजन्सी लहान आहे, ऑफिस नाशिकच्या एखाद्या फ्लॅटमध्ये आहे, वेबसाइट जुनाट आहे, याकडे दुर्लक्ष करा. हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीचं भाडं शेवटी तुमच्याच बिलातून जातं.

त्यांच्या आत्ताच्या क्लायंटचा रेफरन्स घेऊ नका, दोन वर्षांपूर्वी काम संपलेल्या क्लायंटचा घ्या. त्याला एकच विचारा, काम संपल्यावर दुसऱ्या कुणाला तो कोड पुढे नेता आला का.

मग थेट मोठं काम न देता उजव्या रकान्यातलं एखादं छोटं काम पैसे देऊन करून घ्या, दोन आठवड्यांचं. फुकट ट्रायल मागू नका, फुकटात बेंचवर, म्हणजे कामाविना, बसलेला माणूस येतो.

स्कोप लिहिताना जे तुम्हाला उघडच आहे असं वाटतं तेच लिहा. हर्ट्झ, ती अमेरिकेतली भाड्याने गाड्या देणारी कंपनी, २०१९ मध्ये अ‍ॅक्सेंचरविरुद्ध कोर्टात गेली, ३ कोटी २० लाख डॉलरहून जास्त देऊनही वेबसाइट आणि अ‍ॅप वापरण्यालायक मिळाले नाहीत असा दावा होता. अ‍ॅक्सेंचरने आरोप नाकारले, ते बाजूला ठेवा, पण दाव्यातला एक मुद्दा वाचण्यासारखा आहे: वेबसाइट लहान, मध्यम, मोठ्या अशा तिन्ही स्क्रीनवर चालायला हवी होती, मधली, म्हणजे टॅब्लेटवाली, केलीच नाही आणि ती करायला आणखी पैसे मागितले. तुमच्या बाबतीत हे म्हणजे "नेट नसताना चालेल" हे एक वाक्य. ते वाक्य पुरत नाही. लिहा की दोन दिवस नेट नसलं तरी संकलन आणि पावती चालेल, नेट आल्यावर एकही नोंद दोनदा जाणार नाही, आणि हे आम्ही असं असं तपासू.

पैसे टप्प्याटप्प्याने, आणि टप्पा म्हणजे तारीख नव्हे, चालणारी गोष्ट. "डिझाइन पूर्ण" हा टप्पा नाही, "एका केंद्राचं दहा दिवसांचं बिल वहीशी रुपया-पैशासकट जुळलं" हा टप्पा आहे. शेवटचे १०-१५ टक्के लाइव्ह झाल्यावर दोन महिने मागे ठेवा. बग कशाला म्हणायचं आणि सीआर कशाला हे आधीच लिहून घ्या, नंतर प्रत्येक गोष्टीला ते सीआर म्हणतात आणि तुम्ही बग. कोड रोजच्या रोज तुमच्या रेपोमध्ये (गिटहबवरच्या कोडच्या साठ्यात) यायला पाहिजे, शेवटी झिप फाइल हा प्रकार चालणार नाही, आणि दर आठवड्याला डेमो त्यांच्या लॅपटॉपवर नको, स्टेजिंग सर्व्हरवर (लाइव्ह व्हायच्या आधी तपासायच्या सर्व्हरवर), तुमच्या हातातल्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर.

फाउंडरपैकी कुणालाच कोड कळत नसेल तर ओळखीतला एखादा सीनियर महिन्याला काही तास पैसे देऊन ठेवा, तो फक्त रेपो उघडून बघेल आणि सांगेल काय चाललंय. आपला कोड तिसरा माणूस वाचतोय हे कळलं तरी एजन्सीकडची शिस्त वाढते, हे मी त्या बाजूला बसून बघितलंय.

पहिला डेव्हलपर घेताना

एका सीनियरच्या पैशात तीन फ्रेशर्स घ्यायचा मोह होतो. पहिल्या हायरला नको. फ्रेशर्स हुशार असतात, पीआयसीटी, सीओईपी, वालचंद अशा इंजिनीअरिंग कॉलेजांतून कुठूनही घ्या, पण त्यांना शिकवणारं कुणी नसेल तर तीन जण तीन दिशांना जातात. पहिला माणूस असा हवा की जो डेटाबेसपासून मोबाइल स्क्रीनपर्यंत एकटा काम ओढू शकतो, सर्व्हर रात्री पडला तर उठवू शकतो, आणि सचिवाशी फोनवर न चिडता बोलू शकतो. हे तिसरं इंटरव्ह्यूमध्ये कुणी तपासत नाही. मी तर म्हणेन ऑफर द्यायच्या आधी त्याला एक सकाळ केंद्रावर घेऊन जा, येतो का तेच बघा.

मोठ्या कंपनीएवढा पगार देता येणार नाही, तेव्हा ईसॉप, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क, येतात. किमान एक वर्ष झाल्याशिवाय ते व्हेस्ट होत नाहीत, म्हणजे त्याच्या हक्काचे होत नाहीत, असा नियमच आहे, आणि साधारण चार वर्षांत विभागून देतात. पण "तुला अर्धा टक्का देतो" असं चहावर सांगून सोडू नका, कागद द्या, आणि त्या कागदाचा अर्थ त्याला समजावून सांगा, कर कधी लागतो तेसुद्धा. नाहीतर त्याच्या लेखी त्याची किंमत शून्य आहे आणि तो पगाराचीच तुलना करणार.

बाहेरचं काम घरात आणताना

बऱ्याच जणांचा खरा रस्ता हाच असतो, पहिलं व्हर्जन एजन्सीकडून, मग पैसे आले की स्वतःची टीम. रस्ता ठीक आहे, फक्त एजन्सीचा करार संपल्यावर डेव्हलपर शोधायला लागायचं नाही. करार संपायच्या आधी निदान दोन महिने तुमचा माणूस आत आलेला हवा. नोटीस पिरियड धरला तर एजन्सीचं काम अर्ध्यात असतानाच शोध सुरू करायला लागतो.

त्या दोन महिन्यांत हँडओव्हर डॉक्युमेंट मागत बसू नका, ते येतं आणि कुणी वाचत नाही. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात तुमच्या डेव्हलपरने कोऱ्या लॅपटॉपवर सगळं प्रोजेक्ट चालवून दाखवायचं, जिथे अडेल तिथे एजन्सीने ती पायरी रीडमीमध्ये (कोडसोबतच्या सूचनांच्या फाइलमध्ये) लिहायची. मग त्याने एक छोटा बग स्वतः सोडवून लाइव्ह न्यायचा, एजन्सीवाले फक्त बघतील. मग एक कोरा सर्व्हर घेऊन बॅकअपमधून सगळं परत उभं करायचं, आणि हे पहिल्या झटक्यात होत नाही, दरवेळी कुठली तरी एक की (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) किंवा एक क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) कुणाच्या तरी डोक्यातच असतो. डाव्या रकान्यातलं लॉजिक आधी ताब्यात घ्या, वेबसाइट वगैरे एजन्सीकडेच राहू दे, तिथे घाई नाही.

नवीन डेव्हलपर आला की तो दुसऱ्याच दिवशी म्हणणार, हा कोड बेकार आहे, सगळं नव्याने लिहू. प्रत्येकजण म्हणतो, प्रत्येक कोडबद्दल म्हणतो. त्याला तीन महिने त्याच कोडमध्ये काम करू द्या, मग एखादा तुकडा, समजा दरपत्रकाचा, नव्याने लिहायला द्या आणि जुना-नवा दोन्ही एका केंद्रावर समांतर चालवून दहा दिवसांचं बिल जुळतंय का बघा.

मागे ठेवलेले शेवटचे पैसे देण्याआधी एकदा बसून सगळ्या अकाउंट्सवर कोणाकोणाला अ‍ॅक्सेस आहे ती यादी काढा, एजन्सीची नावं काढून टाका, डेटाबेसचा पासवर्ड आणि एपीआय की बदला, आणि पुढचे दोन-तीन दिवस सगळं नीट चालतंय का बघा. कुठे काही बंद पडलं तर समजा एक धागा अजून त्यांच्याकडे आहे, तो सोडवून घ्या आणि मग चेक द्या.